ग्रांट डफचें जन्मगांव बान्फ : बंदर, उद्योग व दप्तर

१. प्रास्ताविक

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस ग्रांट डफ हें नांव नवें नाहीं. त्याचा तीन भागांचा इतिहास इ. स. १८२६ मध्यें लंडनास छापला गेला. थोड्याच वर्षांत कॅप्टन डेव्हिड केपन यानें बाबा साने यांच्या साह्यानें तो मराठींत आणिला. पुढें १८६८ सालीं नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं त्याजवरील आपली टीका प्रसिद्ध केली, आणि तेथून आपल्याकडील चिकित्सक इतिहासलेखनाची गणना करण्याचा प्रघात पडला. असें असतांही ज्या गांवीं हा ग्रंथकार जन्मला व ज्या गांवाच्या शेजारीं त्यानें आयुष्याचा उत्तरार्ध घालविला, त्या गांवाची माहिती 'स्कॉटलंडांतील बान्फ' या दोन शब्दांपलीकडे मराठींत आमच्या पाहण्यांत आली नाहीं. ती उणीव अंशतः भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट करणें इष्ट आहे. ग्रंथकाराच्या गुणदोषांचें मूळ त्याच्या गांवच्या पाण्यांत शोधण्याची जी एक रीत आहे, ती आम्हांस मान्य नाहीं. बान्फचें बंदर उथळ होतें म्हणून डफचा इतिहास उथळ झाला, असें म्हणणें हा विनोद होईल, प्रमाण होणार नाहीं. परंतु या लहानशा बंदराच्या गेल्या अडीचशें वर्षांच्या वृत्तांतांत कागद, वस्तु व वास्तु जतन करण्यासंबंधानें जें दिसून येतें, तें हस्तलिखितें जमविणाऱ्या आमच्या वाचकांस विचार करावयास लावील, अशी आमची खात्री आहे.

२. स्थल व सनद

स्कॉटलंडच्या ईशान्य भागांत मोरे फर्थ नांवाचा मोठा आखात आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर देव्हेरन नदी उत्तरवाहिनी होऊन समुद्रास मिळते. मुखाच्या पश्चिमेस बान्फ व पूर्वेस मॅकडफ, अशीं दोन गांवें एकमेकांसमोर वसलीं आहेत. बान्फ जुनें, त्यास राजा दुसरा रॉबर्ट याजकडून इ. स. १३७२ मध्यें राजसनदी कसब्याचा दर्जा मिळाला. अशा कसब्यांस परदेशीं व्यापार करण्याचा, बाजार भरविण्याचा व आपला कारभार आपण पाहण्याचा अधिकार असे. त्यामुळें त्यांचीं दप्तरेंही स्वतंत्र असत. मॅकडफ हें त्या मानानें अलीकडील. तेथें पूर्वीं डून नांवाचें कोळ्यांचें खेडें होतें. फाइफचा दुसरा अर्ल जेम्स डफ यानें तेथें बंदर वाढविलें आणि १७८३ सालीं त्या वस्तीस कसब्याची सनद मिळवून आपल्या घराण्यास साजेसें मॅकडफ हें नांव दिलें.

ग्रांट डफ याचा जन्म बान्फ गांवीं ८ जुलै १७८९ रोजीं झाला. त्याचें मूळचें आडनांव ग्रांट. बाप जॉन ग्रांट १७९९ च्या सुमारास वारल्यावर आई मुलांस घेऊन ॲबर्डीन येथें राहावयास गेली. तेथील शिक्षण आटोपतांच १८०५ सालीं हा सोळा वर्षांचा मुलगा कंपनीच्या लष्करांत कॅडेट म्हणून मुंबईस निघाला. पुढें एल्फिन्स्टनची मर्जी, १८१८ सालची सातारची नेमणूक, प्रतापसिंह महाराजांच्या वतीनें चालविलेला कारभार व १८२२ सालीं तो महाराजांच्या स्वाधीन करणें, हा भाग वाचकांच्या परिचयाचा असल्यामुळें येथें विस्तार करीत नाहीं. प्रकृति ढासळल्यामुळें तो स्वदेशीं परतला. १८२५ च्या सुमारास आईकडील ईडन नांवाची इस्टेट त्याजकडे आली, व त्याबरोबर डफ हें आडनांवही आलें. ही इस्टेट बान्फच्या दक्षिणेस, देव्हेरन नदीच्याच कांठीं आहे. २३ सप्टेंबर १८५८ रोजीं त्याचा अंत झाला. म्हणजे मराठ्यांचा इतिहास छापून निघाला तेव्हां व त्यानंतर बत्तीस वर्षें त्याचा कर्ता ह्या नदीकांठचा जमीनदार होता.

३. बंदर व पूल

देव्हेरनवर पक्का पूल १७६५ च्या सुमारास झाला होता, परंतु १७६८ च्या पुरानें तो वाहून गेला व लोकांस पुनः नावेवर अवलंबून राहणें प्राप्त झालें. तेव्हां जॉन स्मीटन या स्थापत्यविशारदास पाचारण करण्यांत आलें. एडिस्टन खडकावरील दीपगृह १७५९ सालीं उभारून हा पुरुष ख्यातीस चढला होता. पाण्याखालीं घट्ट होणारा चुना कोणता व तो कां घट्ट होतो, याचे प्रयोग त्यानें त्या दीपगृहाच्या निमित्तानें केले होते, व समुद्रांतील दगडी कामास त्यांचा फार उपयोग झाला. बान्फचा सात कमानींचा पूल त्याच्याच आराखड्याबरहुकूम १७७९ सालीं तयार झाला. ग्रांट डफ जन्मला त्या वेळीं हा पूल अवघा दहा वर्षांचा होता. १८८१ सालीं तो रुंद करण्यांत आला, आणि आजही दोन्ही गांवांमधील रहदारी त्याच्याच पाठीवरून चालते.

बंदराचें कामही स्मीटनकडेच होतें. १७७० ते १७७५ या काळांत त्याच्या योजनेनुसार धक्के बांधले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत टॉमस टेलफर्ड याच्या देखरेखीखालीं त्यांत आणखी भर पडली. स्कॉटलंडचे रस्ते, पूल व कालवे यांच्या इतिहासांत ज्याचें नांव पदोपदीं येतें, तोच हा टेलफर्ड. एका लहान कसब्याच्या बंदरास त्या युगांतील दोन सर्वश्रेष्ठ स्थापत्यविशारदांचे हात लागावे, ही गोष्ट सामान्य नव्हे.

परंतु नदीपुढें दोघांचेंही पुरतें चाललें नाहीं. देव्हेरन डोंगराळ मुलखांतून येते. तिच्या पुराबरोबर गोटे व रेती मुखाशीं येऊन पडतात, आणि आखातांतील लाटा तीच रेती परत किनाऱ्याकडे लोटतात. अशा दुहेरी माऱ्यांत मुखाजवळचें बंदर सांपडलें म्हणजे तें उथळ होत जाणें ओघानेंच आलें. १८२९ च्या ऑगस्टांत ह्या भागांतील नद्यांस जो अभूतपूर्व पूर आला, त्याचें वर्णन सर टॉमस डिक लॉडर यानें पुढच्याच वर्षीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. स्मीटनचा पूल त्या पुरांत टिकला. बंदराचा गाळ मात्र कधीं हटला नाहीं, व कालांतरानें मोठ्या होड्या समोरच्या मॅकडफकडे वळल्या. आज बान्फच्या बंदरांत हौसेच्या लहान होड्या उभ्या असतात. उद्योगाचें बंदर म्हणावयाचें तें मॅकडफ. मासेमारीच्या मोठ्या लांकडी नौका बांधण्याची विद्या सबंध ब्रिटनमध्यें ज्या ठिकाणीं सर्वांत शेवटपर्यंत टिकली, त्यांत त्याची गणना होते.

४. हेरिंगचा धंदा

एकोणिसाव्या शतकांत या किनाऱ्याची भरभराट झाली ती हेरिंग नांवाच्या लहान, रुपेरी माशामुळें. हा मासा थव्यांनीं येतो व फार लवकर नासतो, म्हणून पकडल्यापासून खारवेपर्यंतच्या वेळावर सर्व धंदा अवलंबून असे. पुरुषांनीं रात्रीं जाळीं सोडावीं. पहाटे माल धक्क्यावर येतांच स्त्रियांनीं आखूड सुरीनें एका झटक्यांत मासा साफ करावा. लगेच मिठाचा व माशांचा थरावर थर देऊन पिंप भरावें. आणि पिंपें करणाऱ्या कारागिरांनीं तें बंद करावें, असा क्रम होता. १८०९ सालीं सरकारनें खारविलेल्या पिंपामागें बक्षीस देण्यास आरंभ केला व मालाची तपासणी करून उत्तम पिंपावर शिक्का मारण्याची पद्धति घातली. बक्षीस १८३० मध्यें बंद झालें, पण शिक्क्याची पत टिकली. बाल्टिक समुद्रावरील बाजारांत तो शिक्का पाहून माल उघडल्यावांचून सौदे होत.

या व्यापाराची एक बाजू सांगावयास कोणी उत्सुक नसतो, तरी ती येथें नमूद केली पाहिजे. आरंभींच्या काळांत स्कॉटलंडच्या खाऱ्या हेरिंगचें एक मोठें गिऱ्हाईक म्हणजे वेस्ट इंडीज बेटांतील ऊसमळेवाले. मळ्यांवरील गुलामांस हाच स्वस्त मासा खाण्यास देत. १८३४ पासून गुलामगिरी नष्ट होऊं लागली तसा तो बाजार आटला, व व्यापाऱ्यांनीं जर्मनी व रशिया यांकडे अधिक लक्ष घातलें. पुढें पहिल्या महायुद्धानें व रशियांतील क्रांतीनें तेही बाजार मोडले, आणि शंभर वर्षांची भरभराट एका पिढींत ओसरली.

५. मद्याची भट्टी व आगगाडी

समुद्राच्या खालोखाल उत्पन्नाचें साधन म्हणजे जव. बान्फच्या नांवानें व्हिस्कीची भट्टी १८२४ सालीं सुरू झाली. आदल्याच वर्षीं पार्लमेंटनें अबकारीचा नवा कायदा करून परवानगीनें दारू गाळणें फायदेशीर केलें होतें. पूर्वीं चोरून चालणारा धंदा त्यायोगें उघड्यावर आला. १८५९ सालीं बान्फला आगगाडी आली. ग्रांट डफ आदल्या वर्षींच वारला होता, म्हणून गांवच्या बंदराशीं येणारी ही गाडी त्यास पाहावयास मिळाली नाहीं. समोरच्या बाजूचा फांटा १८६० मध्यें पुलापर्यंतच्या टप्प्यांत व १८७२ मध्यें खुद्द मॅकडफास पोंचला. आगगाडी येतांच भट्टीच्या मालकांनीं १८६३ सालीं जुनी जागा सोडून इन्व्हरबॉइंडी येथें रुळांशेजारीं नवी भट्टी बांधली. ती १८७७ त जळाली व पुनः उभी राहिली.

१६ ऑगस्ट १९४१ रोजीं जर्मन विमानानें भट्टीच्या एका कोठारावर बाँब टाकला. पिंपें फुटून मद्याचा लोट शेजारच्या ओढ्यांत गेला, आणि बदकें व गाई झिंगल्याची गोष्ट गांवांत अद्याप सांगतात. भट्टी त्यांतूनही सावरली. शेवटीं तिला बंद पाडलें तें बाजारानें. १९८३ सालीं, खप मंदावल्यामुळें स्कॉटलंडांत एकामागून एक भट्ट्या बंद होत असतां, हीही बंद झाली, व पुढें पाडून टाकण्यांत आली. मॅकडफची उतारूंची गाडी १९५१ त व बान्फची १९६४ त बंद पडली. तात्पर्य, ज्या दोन यंत्रयुगीन सोयींनीं गांव पुढें आलें, त्या दोन्ही आल्या आणि गेल्या. अठराव्या शतकांतील दगडी पूल मात्र जागचा हलला नाहीं.

६. डफ हाउस व लोकोपयोगी सोयी

बान्फच्या सीमेवर डफ हाउस नांवाचा भव्य वाडा आहे. विल्यम डफ, लॉर्ड ब्रेको, याजकरितां विल्यम ॲडम या प्रसिद्ध वास्तुकारानें १७३५ सालीं त्याचें काम आरंभिलें. खर्चावरून मालक व वास्तुकार यांचें बिनसलें, काम थांबलें, व प्रकरण न्यायालयांत गेलें. १७४८ मध्यें निकाल ॲडमच्या बाजूनें झाला. त्यानंतर हा धनी त्या वाड्यांत कधीं राहिला नाहीं, आणि वाटेनें जातांना आपल्या गाडीचे पडदे ओढून घेई, अशी आख्यायिका आहे. पुढें १९०६ सालीं त्याच्या वंशजानें, म्हणजे फाइफच्या ड्यूकानें, हा वाडा व बाग बान्फ व मॅकडफ या दोन्ही गांवांस देऊन टाकली. वाड्यानें नंतर उपाहारगृह, आरोग्यभवन व दुसऱ्या महायुद्धांत कैद्यांची छावणी, असे नाना अवतार पाहिले. १९४० सालीं त्याजवर बाँबही पडला. १९९५ पासून तेथें राष्ट्रीय संग्रहांतील चित्रें मांडलेलीं असतात.

सार्वजनिक सोयींत सर्वांत जुनी म्हणजे येथील वस्तुसंग्रहालय. तें १८२८ सालीं स्थापन झालें, म्हणून स्कॉटलंडांतील जुन्या संग्रहालयांत त्याची गणना होते. टॉमस एडवर्ड या चांभारकाम करणाऱ्या गृहस्थानें दिवसा जोडे शिवून व रात्रीं किनारा धुंडून प्राणिशास्त्राचा मोठा संग्रह केला. तोच पुढें या संग्रहालयाचा रखवालदार झाला, व सॅम्युएल स्माइल्सनें १८७६ सालीं त्याचें चरित्र लिहिल्यावर त्याचें नांव देशभर झालें. बान्फच्या सोनारांनीं घडविलेल्या रुप्याच्या वस्तूही गांवच्या संग्रहांत आहेत. त्यांवर गांवच्या नांवाचा ठसा असतो, आणि संग्राहक त्यांस मोठी किंमत देतात.

एका वस्तूची हकीकत मुद्दाम सांगतों. १८१६ च्या सुमारास डेस्कफर्ड येथील शेतांत खणतांना रानडुकराच्या मुखाचा एक धातूचा तुकडा निघाला. तो कोणीं वितळविला नाहीं. बान्फच्या संग्रहालयांत ठेविला गेला. तें लोहयुगांतील रणशिंगाचें मुख होय, हें विवेचन स्टुअर्ट पिगट यांच्या १९५९ च्या लेखानें पक्कें झालें, आणि १९९३ त त्याची पूर्ण प्रतिकृति करून ती वाजविण्यांतही आली. मूळ वस्तु आज एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयांत पाहावयास मिळते. अर्थ लागला नाहीं तरी वस्तु राखून ठेवावी, एवढ्या एका शहाणपणाचें हें फळ आहे.

अलीकडील सोयींत मॅकडफजवळचा टार्लेर येथील समुद्रस्नानाचा तलाव येतो. कड्याखालीं, भरतीच्या पाण्यालगत, हा तलाव १९३१ च्या सुमारास बांधला. विसाव्या शतकाच्या शेवटीं तो बंद पडला, तरी त्याचें वास्तुमहत्त्व ओळखून सरकारनें त्यास संरक्षित वास्तूंच्या पहिल्या वर्गांत घातलें, व गांवकऱ्यांनीं मंडळी स्थापून त्याच्या पुनरुद्धाराचें काम अंगावर घेतलें. मॅकडफचें मत्स्यालय १९९७ सालीं उघडलें. ज्या समुद्रांतले मासे विकून गांव जगलें, तेच मासे आतां जिवंत दाखवून तें पाहुण्यांस बोलावितें.

७. आख्यायिका व कागद

बान्फची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट जेम्स मॅक्फर्सन याची. हा लुटारू ब्रेकोच्या डफानें पकडला, आणि १६ नोव्हेंबर १७०० रोजीं बान्फ येथें फांशीं गेला. सुटकेचा हुकूम घेऊन स्वार येत आहे हें कळल्यावर अधिकाऱ्यांनीं गांवचें घड्याळ पुढें सारून त्यास वेळेपूर्वीं लटकाविलें, असें लोक सांगतात. तें घड्याळ म्हणून दाखविलें जाणारें यंत्र आज डफटाउनच्या मनोऱ्यांत आहे. गोष्ट गोड आहे, परंतु सुदैवानें खटल्याचा कागदही शिल्लक आहे. त्यांत शिक्षा बाजाराच्या दिवशीं दुपारीं दोन ते तीनच्या दरम्यान अमलांत आणावी, असें म्हटलें आहे. म्हणजे अधिकाऱ्यांस तासाभराची सवड मुळांतच होती, आणि त्या तासांतला कोणताही क्षण त्यांनीं निवडिला असता तरी तो कायदेशीरच ठरला असता. घड्याळ पुढें सारण्याचें प्रयोजन यामुळें बरेंच दुर्बळ होतें. सुटकेच्या हुकुमास तर कागदाचा आधारच मिळालेला नाहीं.

हा पडताळा शक्य झाला तो दप्तर टिकलें व छापलें गेलें म्हणून. विल्यम क्रॅमंड नांवाचे शेजारच्या कलन गांवचे शाळामास्तर होते. त्यांनीं बान्फच्या नगरसभेचीं, चर्चचीं व न्यायालयाचीं दप्तरें चाळून 'ॲनल्स ऑफ बान्फ' हे दोन भाग सिद्ध केले, व ॲबर्डीनच्या न्यू स्पाल्डिंग क्लबानें ते १८९१ व १८९३ सालीं प्रसिद्ध केले. थोडक्या वस्तीच्या एका कसब्याचा, तोही एका शाळामास्तरानें केलेला, हा उद्योग. हेरिंग गेली, भट्टी गेली, आगगाडी गेली. पण त्यांच्या आधींच्या शतकांत काय होतें हें सांगणारे ते दोन भाग हातीं आहेत.

८. उपसंहार

आतां ग्रांट डफकडे परत येऊं. आपल्या ग्रंथासाठीं त्यानें सातारा व इतर ठिकाणांहून पुष्कळ बखरी व कागद मिळविले, आणि त्यांतील कित्येकांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटींत ठेवल्याचें आपल्या टिपांत लिहून ठेविलें. पुढें त्या नकलांचा ठिकाणा लागेना, आणि त्यावरून आपल्याकडे जो वाद माजला तो वाचकांच्या स्मरणांत असेलच. दोष कोणाचा, हा प्रश्न येथें उकरण्याचें कारण नाहीं. ज्या ठिकाणीं कागद ठेविले तेथें ते राखणारें कोणी नव्हतें, ही गोष्ट मात्र सर्वांस मान्य व्हावी. त्याच ग्रंथकाराच्या जन्मगांवीं एक चांभार संग्रहालय राखीत होता, आणि एक शाळामास्तर दप्तर छापीत होता.

त्याचा मुलगा मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रांट डफ, ज्याचें नांवच बापाच्या मुंबईकडील धन्याचें, १८५७ ते १८८१ पर्यंत ज्या मतदारसंघाचा प्रतिनिधि होता, त्यांत बान्फ व मॅकडफ हे दोन्ही कसबे येत. पुढें तो मद्रासचा गव्हर्नर झाला, आणि तेथील किनाऱ्यावरील मरीना हा फिरण्याचा रस्ता त्यानेंच करविला. बान्फच्या मुलखांत वाढलेल्या पुरुषास समुद्रकिनारा ही लोकांची सोय आहे हें सुचावें, यांत नवल नाहीं.

उद्योग टिकविणें हें माणसाच्या हातीं फारसें नसतें. नदी गाळ आणते, बाजार फिरतो, युद्ध येतें. कागद टिकविणें मात्र बव्हंशीं आपल्या हातीं आहे. आमच्या संग्राहक बंधूंपैकीं ज्यांच्या घरीं एखाद्या बंदराचें जकातीचें पुस्तक, तांडेलाची वही किंवा पेठेचा जमाखर्च पडून असेल, त्यांनीं त्यांत राजकारण नाहीं म्हणून तो बाजूस टाकूं नये. त्याची यादी करावी, नक्कल करावी, ती नक्कल एकाहून अधिक ठिकाणीं ठेवावी, व शक्य तर छापावी. डेस्कफर्डच्या रणशिंगाचा अर्थ लागावयास जवळजवळ दीडशें वर्षें लागलीं. तो तुकडा राखणारांस आपण काय राखीत आहों हें ठाऊक नव्हतें. आपल्या कागदांचाही अर्थ लावणारा कदाचित् अजून जन्मावयाचा असेल. तो येईपर्यंत कागद राहिले पाहिजेत.